विद्यार्थी विकास विभागाचा कार्यभार आला आहे. कार्यक्रमांखेरीज नेमके काय करावे?

प्रश्न : इतिहासाची शिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि या जूनपासून माझ्याकडे विद्यार्थी विकास विभागाचा अतिरिक्त कार्यभार आला आहे. कार्यभार घेताना चार फायली मिळाल्या. त्यांत युवा महोत्सवाचे अहवाल, वक्तृत्व स्पर्धेच्या निकालपत्रिका, वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि खर्चाची बिले अगदी नीट लावून ठेवलेली आहेत. या कामाला मी कमी लेखत नाही. वर्गात तोंड न उघडणारी खेड्यातली मुले युवा महोत्सवाच्या रंगमंचावर धीट होताना मी स्वतः पाहिली आहेत. परंतु एखादा विद्यार्थी अडचण घेऊन या विभागात आला, त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले आणि पुढे त्याचे काय झाले, अशी एकही नोंद त्या फायलींत नाही.

हे मनाला लागण्याचे कारण गेल्या वर्षीचे आहे. शाहूवाडी तालुक्यातून आलेली, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी गणपतीच्या सुट्टीला गावी गेली ती परतलीच नाही. डिसेंबरमध्ये तिचे वडील दाखला मागायला आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत बसले आणि सारे हळूहळू उलगडले. तिची शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली नव्हती, म्हणून वसतिगृहाचा हप्ता थकला होता. हप्ता थकल्याने वसतिगृह कार्यालय ना-हरकत देत नव्हते आणि ना-हरकत नसल्यामुळे परीक्षा विभाग तिचा अर्ज घेत नव्हता. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर तिला ‘वरून आलेले नाही’ एवढेच उत्तर मिळाले. ती चार खिडक्यांवर गेली होती आणि प्रत्येक खिडकीने तिला पुढच्या खिडकीकडे पाठवले होते. मी आठवड्यातून तीन तास त्या वर्गावर असायची आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते. ती गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत महाविद्यालयाने तिच्या घरी पाठवलेले एकमेव पत्र ग्रंथालयाचे होते, एक पुस्तक परत करण्याविषयी. तिच्या वडिलांनी ते पुस्तक पिशवीत घालून आणले होते.

माझी विचारणा अशी आहे, की ज्यांनी वसतिगृहात, कार्यालयात किंवा समुपदेशनाच्या कामात वर्षे काढली आहेत त्यांनी सांगावे : माझ्याजवळ वेगळा कर्मचारी नाही, स्वतंत्र निधी नाही, अध्यापनाचा भार तसाच आहे, अशा स्थितीत अशी मुले वेळेवर लक्षात यावीत यासाठी कोणत्या कामापासून सुरुवात करावी?

उत्तर १ : निवृत्त वसतिगृह अधीक्षक

मॅडम, मी मुलांच्या वसतिगृहात अधीक्षक म्हणून बावीस वर्षे काढली. तुमच्या प्रश्नातले ‘वेळेवर लक्षात यावीत’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

आपल्या गावाला या कामाची फार जुनी ओळख आहे. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या काळात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे त्यांच्या पाठबळाने उभी राहिली. १९०८ मध्ये त्या वेळच्या अस्पृश्य समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. दसरा चौकातून जाताना आपण त्या इमारतींकडे पाहतो, परंतु महाराजांना नेमके काय उमगले होते याचा विचार क्वचितच करतो. शाळा काढली आणि शुल्क माफ केले तरी खेड्यातला मुलगा शहरात टिकत नाही. त्याच्या जेवणाची, निजण्याची आणि आजारपणाची जबाबदारी कोणीतरी घेतली तरच तो टिकतो, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः विद्यार्थिदशेत इथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते आणि पुढे साताऱ्याला त्यांनी जे वसतिगृह चालवले त्यात मुलांचे शिक्षण, श्रम आणि जेवण ही एकाच घरातली कामे होती. आज आपण ही कामे वेगवेगळ्या विभागांत वाटली आहेत. त्यामुळे मुलाची अर्धी हकिकत एका टेबलावर आणि अर्धी दुसऱ्या टेबलावर राहते.

माझ्या अनुभवात मुलाची अडचण सर्वांत आधी हजेरीपत्रकात दिसत नाही, ती ताटात दिसते. आमच्या मेसमध्ये भाकरी करणाऱ्या मावशी होत्या. त्यांना मुलांची आडनावे ठाऊक नव्हती, पण कोण किती भाकऱ्या खातो हे पक्के ठाऊक होते. ‘तो खिडकीकडचा परवापासून एका भाकरीवर उठतोय,’ असे त्या मला सांगायच्या आणि दहांतल्या सात-आठ वेळा त्यामागे काहीतरी निघायचेच : घरी कुणाचे आजारपण, पेपर बुडालेला, पैसे संपलेले, कधी खोलीतल्या मोठ्या मुलांचा त्रास. ज्यांचा डबा गावाकडून एसटीने यायचा त्यांचेही तसेच. मध्यवर्ती बसस्थानकावर डबा उतरवून घ्यायला मुलगा गेला नाही आणि डबा तसाच परत गेला, की घरचे घाबरून मला फोन करायचे. पुढे पुढे मी रात्री मेसमध्येच जेवू लागलो. एका बाजूला बसून, कोणाला काही न विचारता. सहा महिन्यांत मुले आपणहून शेजारी येऊन बसू लागली.

२०१९च्या ऑगस्टमधला महापूर सर्वांना आठवत असेल. महामार्ग बंद, शहराला दूध नाही, आणि आमच्या वसतिगृहात शिरोळ आणि करवीर तालुक्यांतली जी मुले होती त्यांची घरे पाण्यात. त्या आठवड्यात आम्ही वसतिगृह बंद केले नाही. आहे त्या तांदळावर दोन वेळची खिचडी केली. परंतु खरे काम पूर ओसरल्यावर सुरू झाले, हे मला उशिरा कळले. घर पडलेली मुले सप्टेंबरमध्ये परत आली, वर्गात बसली आणि ऑक्टोबरमध्ये एकेक करून जाऊ लागली, कारण तोवर मदतीची सारी गडबड थांबली होती. दोन मुले माझ्या हातून तशी सुटली. त्यानंतर मी एक साधी वही ठेवली. तिच्यात तीन रकाने होते : मुलाचे नाव, काय दिसले, आणि मी कोणाशी बोललो. तिसरा रकाना रिकामा राहिला की दुसऱ्या दिवशी तो भरायचाच, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

तेव्हा माझे सांगणे असे, की मोठ्या योजनेच्या आधी महाविद्यालयातल्या पाच माणसांना आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसवा : वसतिगृहाचे अधीक्षक, मेसमधले कोणी, ग्रंथालय परिचर, शिष्यवृत्तीचे लिपिक आणि तुम्ही. प्राचार्यांकडून या बैठकीला लेखी मान्यता घ्या, म्हणजे परिचराला ‘जागा सोडून कुठे गेला होतास’ असे कोणी विचारणार नाही. आणि गणपतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात कोण परत आले नाही याची यादी न चुकता काढा. दिवाळीनंतरही काढा, पण गणपतीची यादी जास्त महत्त्वाची, कारण त्या वेळी परीक्षा अर्जाची मुदत सहसा अजून हातात असते.

उत्तर २ : शिष्यवृत्ती कक्षातील लिपिक

मॅडम, ‘वरून आलेले नाही’ हे उत्तर मीही अनेकदा दिलेले आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिणे माझे कर्तव्य आहे. एका लिपिकाकडे सर्व प्रवर्गांचे आणि सर्व योजनांचे अर्ज असतात, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शासकीय संकेतस्थळ संथ होते आणि खिडकीपुढे रांग असते. तरीही ते उत्तर अपुरे आहे, हे मी मान्य करतो. खिडकीवरच्या माणसाने पाच मिनिटे दिली तर पुढील गोष्टी तिथल्या तिथे कळू शकतात.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. विद्यार्थ्याने अर्जाबरोबर ज्या पासबुकाची प्रत दिली त्याच खात्यात ते जातील असे नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले गेले त्या बँकेत ते जातात. गावात कोणीतरी शिबिर घेऊन शून्य शिलकीचे खाते उघडून दिलेले असते, विद्यार्थिनी ते विसरून गेलेली असते आणि पैसे तिथे पडून असतात किंवा ते खाते बंद असल्याने परत गेलेले असतात. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे मोबाईलवर पाहता येते. माझ्याकडे ‘पैसे आले नाहीत’ म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांची अडचण इथेच सुटते.

दुसरे म्हणजे त्रुटीसाठी परत पाठवलेला अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते किंवा जातीच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट असते, आणि अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. नोंदवलेला मोबाईल क्रमांक वडिलांचा किंवा नेट कॅफेवाल्याचा असल्याने तिला ते कळतच नाही. अर्ज विद्यार्थिनीकडे आहे, महाविद्यालयाकडे आहे की समाजकल्याणसारख्या विभागाकडे आहे, हे संकेतस्थळावर दिसते. तेव्हा ‘वरून आलेले नाही’ म्हणण्याऐवजी ‘अर्ज अमुक ठिकाणी, अमुक तारखेपासून आहे’ असे लिहून द्यावे. आमच्या कक्षात मी आता तशी छापील चिठ्ठी देतो, तिच्यावर माझी सही आणि तारीख असते. वसतिगृह कार्यालयाने ती चिठ्ठी पाहून हप्त्याला मुदत द्यायची आणि परीक्षा विभागाने अर्ज अडवायचा नाही, असे प्राचार्यांचे परिपत्रक आम्ही काढून घेतले. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेतच. परंतु सूचना फाईलमध्ये असते आणि मुलगी खिडकीपुढे उभी असते, म्हणून ही चिठ्ठी तिच्या हातात असणे गरजेचे आहे.

एवढे करूनही कोणी अडवलेच, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३चे तक्रार निवारण विनियम आहेत. शिष्यवृत्ती देण्यातला विलंब, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, परीक्षा आणि निकालातील दिरंगाई हे विषय त्यांत येतात. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान न झाल्यास विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे १५ दिवसांत अपील करता येते. मात्र आमच्याकडे आलेल्या विद्यार्थिनींपैकी कोणालाही ही समिती अस्तित्वात आहे हे माहीत नव्हते, याची मला खंत आहे.

उत्तर ३ : माजी विद्यार्थिनी, चंदगड तालुका

अधीक्षक काकांचे लिखाण वाचून मला माझे वसतिगृह आठवले आणि त्यांच्या वहीबद्दल आदर वाटला. तरीही एका गोष्टीविषयी सावध करावेसे वाटते. त्या वहीतला ‘मी कोणाशी बोललो’ हा रकाना मुलींच्या बाबतीत फार जपून भरावा लागतो.

मी पहिल्या वर्षाला असताना महिनाभर वर्गात जात नव्हते. मला काय होत होते ते मलाच सांगता येत नव्हते. झोप लागत नव्हती, पुस्तक उघडले की रडू यायचे. वसतिगृहातल्या मॅडमनी काळजीपोटीच माझ्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी काका आणि भाऊ जीप घेऊन आले. ‘पोरीला तिथे करमत नाही’ एवढाच त्याचा अर्थ घरी लावला गेला आणि त्या आठवड्यात माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली. आजीने हट्ट धरला म्हणून मी परत येऊ शकले. माझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला आजी नव्हती.

म्हणून मॅडम, मुलगी सज्ञान आहे हे धरून चाला आणि घरी कळवण्याआधी तिला विचारा. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नये. पण शुल्क थकले, तासाला आली नाही, पेपर राहिला, एवढ्यासाठी पहिला फोन घरी जाऊ नये. घरी कळवणे भागच असेल तर काय सांगायचे आणि कोणाला सांगायचे, हे तिच्याबरोबर बसून ठरवा. कोणत्या घरात आईला सांगायचे आणि कोणत्या घरात मामाला, हे तिलाच माहीत असते.

मला खरी मदत ग्रंथालयातल्या ताईंची झाली. त्या परिचर होत्या. मी रोज अभ्यासिकेत कोपऱ्यात बसून काही वाचत नसे, हे त्यांनी पाहिले होते. एके दिवशी त्यांनी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग माझ्यापुढे ठेवला आणि ‘हे क्रमाने लावून दे गं, माझे हात दुखतात’ म्हणाल्या. पुढे मी रोज तासभर ते काम करू लागले आणि दोन आठवड्यांनी त्यांनीच मला ‘कमवा आणि शिका’ योजनेचा अर्ज आणून दिला. त्या पैशांतून माझा मेसचा खर्च थोडा हलका झाला; पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज सकाळी कोणीतरी माझी वाट पाहत होते. शक्य असेल तर या योजनेतल्या काही जागा वर्षाच्या मध्यावर अडचणीत आलेल्यांसाठी राखून ठेवा. जूनमध्येच सगळ्या भरल्या, तर सप्टेंबरमध्ये गरज पडलेल्या मुलीला काही उरत नाही.

उत्तर ४ : समुपदेशक

वरील तिन्ही उत्तरांतून बरेच काही आले आहे, म्हणून मी माझ्या कामापुरते लिहितो. मी दोन महाविद्यालयांत आठवड्यातून दोन-दोन दिवस जातो.

माजी विद्यार्थिनींनी गोपनीयतेचा जो मुद्दा मांडला आहे तो केवळ सौजन्याचा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. अधीक्षकांनी सुचवलेली साप्ताहिक बैठक अतिशय उपयुक्त ठरेल, परंतु तिथे ‘काय दिसले’ एवढेच बोलले जावे. विद्यार्थ्याने विश्वासाने जे सांगितले ते तिथे येऊ नये. त्या बैठकीचे इतिवृत्त नावांसह लिहू नये. मूल्यांकनाच्या समितीला पुरावा हवा असतो म्हणून समुपदेशनाला आलेल्या मुलांची सहीची यादी मागितली जाते, तेव्हा केवळ संख्या द्यावी.

खोली कोठे आहे याला फार महत्त्व आहे. एका महाविद्यालयात मला प्राचार्यांच्या कार्यालयाशेजारची, दारावर ठळक पाटी असलेली खोली दिली होती आणि पहिल्या सत्रात तिथे फारसे कोणी आले नाही. पुढे ग्रंथालयाच्या मागची, दोन दारे असलेली खोली मिळाली आणि मुले येऊ लागली, कारण ग्रंथालयाकडे जाणाऱ्या मुलाला कोणी कुठे चाललास असे विचारत नाही. तसेच, ज्या शिक्षकाकडे शिस्तपालन समिती आहे त्याच्याकडेच विद्यार्थी साहाय्याचे काम देऊ नये. मॅडम, तुमच्याकडे दोन्ही असतील तर एक सोडण्याची विनंती प्राचार्यांना अवश्य करा.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था जोडायची आहे. पद मागताना तुमच्या पत्रात याचा उल्लेख करा. पद मिळेपर्यंत शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधीच ओळख करून ठेवा. संकटाच्या रात्री नव्याने दूरध्वनी क्रमांक शोधत बसू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो वसतिगृहाच्या दर्शनी फलकापेक्षा न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे कोणी पाहत नसताना टिपून घेता येतो. विद्यार्थ्याने मरणाचा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटे सोडू नये, त्याला वाद घालून समजावू नये आणि तज्ज्ञाकडे सोबत घेऊन जावे. एवढे प्रशिक्षण मेसमधल्या मावशींपासून सुरक्षारक्षकापर्यंत सर्वांना एका दुपारी देता येते. मी ते आनंदाने देईन.

मूळ विचारणा करणारी शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आज प्राचार्यांना भेटले. गुरुवारच्या बैठकीला लेखी मान्यता मिळाली आहे आणि लिपिक सरांनी सांगितलेल्या चिठ्ठीचा मसुदा आमच्या कार्यालयाने स्वीकारला आहे. परीक्षा विभागाचे परिपत्रक पुढच्या आठवड्यात निघेल. शिस्तपालन समिती माझ्याकडे नाही. वहीत नोंद करण्यापूर्वी विद्यार्थिनीला विचारायचे, हे मी पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे. समुपदेशक सर, त्या दुपारच्या प्रशिक्षणासाठी मी आपल्याशी स्वतंत्रपणे संपर्क साधते.

एक राहिले. त्या मुलीचा आधार कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, हे तिला आता पाहता येईल का, आणि दुसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेतल्यास शिष्यवृत्तीचे काय होईल?

शिष्यवृत्ती कक्षातील लिपिक

आधारचे आजही पाहता येईल, त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल तिच्याजवळ असावा लागेल. गेल्या वर्षीचा अर्ज कोठे थांबला हे तिच्या लॉगिनवर अजून दिसेल. पुन्हा त्याच वर्षाला प्रवेश घेतल्यावर त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळेल की नाही, हे योजनेच्या नियमांवर अवलंबून असते. तेव्हा तिला कोणतेही आश्वासन देण्यापूर्वी योजनेचे नाव मला कळवा, मी संबंधित विभागाकडून लेखी उत्तर मागवतो.

निवृत्त वसतिगृह अधीक्षक

चंदगडच्या ताईंचे म्हणणे मला पटले. माझ्या वहीत मुलेच होती, त्यामुळे घरी फोन करताना मी कधी इतका विचार केला नाही. मॅडम, शाहूवाडीच्या त्या मुलीशी फोनवर बोलू नका, कारण फोन बहुधा वडिलांजवळ असेल. समक्ष जा आणि सोबत एखादी स्त्री कर्मचारी घ्या.

मूळ विचारणा करणारी शिक्षिका

आमच्या ग्रंथालयातल्या परिचर ताई यायला तयार आहेत. रविवारी सकाळच्या मलकापूर गाडीने आम्ही दोघी तिच्या गावी जात आहोत. प्रवेश अर्ज सोबत घेतला आहे आणि तिने परत पाठवलेले ते पुस्तक ताईंनी पुन्हा तिच्याच नावावर काढून दिले आहे.